एवढंसं पिल्लू, त्याला कशाला शिकवायचं?

आमच्याकडे मिनिएचर डॅशहुंड, म्हणजे लांबडं, आखूड पायांचं छोटं कुत्रं, आल्यापासून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "अगं एवढंसं तर आहे, त्याला कसलं ट्रेनिंग देतेस". लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड आणला की लोक पहिल्या आठवड्यात ट्रेनरचा नंबर शोधायला लागतात, कारण उद्या तो आजोबांना पाडेल ही भीती असते. छोट्या कुत्र्याने तेच केलं, अंगावर उड्या मारल्या, पायजमा धरून ओढला, पाहुण्यांवर भुंकला, की "अय्या कित्ती गोड" म्हणतात आणि उचलून घेतात. म्हणजे शिकायची वेळ आली की ते हवेत! पण पायाखाली येतं ते छोटं कुत्रं, लिफ्टच्या दारात अडकायची भीती त्यालाच जास्त, आणि एक मनुका पोटात गेला तर एवढ्याशा वजनाला त्याचा त्रास जास्त. त्यामुळे बेसिक चार-पाच गोष्टी तरी शिकवायच्याच असं मी आधीच ठरवलं होतं. घरच्यांनी ठरवलं नव्हतं, ते पुढे येईलच.

त्याचं नाव शेंग्या. नाव बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ठेवलं, लांबडा बघून. मला ब्रुनो वगैरे नकोच होतं, आमच्या सोसायटीत दोन ब्रुनो ऑलरेडी आहेत आणि खालून कोणी हाक मारली की दोघंही बाल्कनीतून डोकं काढतात. तर शेंग्या अडीच महिन्यांचा असताना आला. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही असा २०१७ पासून नियमच आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी आई आणि भावंडांत राहून पिल्लू बरंच काही शिकून येतं, किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो हे तर तिथेच कळतं, त्यामुळे कोणी दीड महिन्याचं पिल्लू द्यायला तयार असेल तर तिथून परत यावं.

डॅशहुंडबद्दल सगळे एकच गोष्ट सांगतात, हट्टी असतात. हे खरं आहे पण त्याला कारण आहे. ही जात जर्मनीत तयार झाली ती बॅजर नावाचा प्राणी बिळात शिरून शोधायला. मालक बाहेर उभा, कुत्रा जमिनीखाली अंधारात, समोर चिडलेला बॅजर, आता पुढे जायचं का मागे यायचं हे विचारणार कोणाला? त्याचं त्यालाच ठरवावं लागायचं. पिढ्यानपिढ्या स्वतःच्या डोक्याने चालणारी कुत्री निवडली गेली आणि आता त्यातलाच एक पुण्यातल्या राजाराम पुलाजवळच्या टू बीएचकेमध्ये आपल्याला सांगतो की मी बसेन, पण आधी दाखव काय देणार आहेस ते. मला तर हा व्यवहार आवडला. फुकट काही करत नाही, पण पगार दिला की काम चोख.

पहिला महिना-दीड महिना बाहेर न्यायचं नाही, लसी पूर्ण व्हायच्या होत्या, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती असते. पण कुत्र्याच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतचा काळ असा असतो की तेव्हा जे दिसतं ऐकू येतं ते त्याला नॉर्मल वाटतं, नंतर नवीन दिसलं की आधी भीती. आमच्याकडे त्यातले थोडेच दिवस उरले होते. म्हणजे एकीकडे बाहेर नेऊ नका, दुसरीकडे सगळं दाखवा. डॉक्टरांनी सांगितलं कडेवर घेऊन फिरा, जमिनीवर ठेवू नका, झालं. मग रोज संध्याकाळी त्याला ओढणीत घेऊन गेटपाशी उभं राहायचं, रिक्षा, बाईक, कचऱ्याची गाडी आणि तिचं ते गाणं, छत्र्या, रेनकोट घातलेली माणसं. आणि ढोल. जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात पथकांची प्रॅक्टिस सुरू होते, आमच्या बाल्कनीत लांबून ऐकू येतं. पहिल्यांदा ताशा ऐकल्यावर त्याचे कान मागे गेले. मी दार ओढून घेतलं, आवाज कमी झाला, पनीर दिलं. दुसऱ्या दिवशी दार थोडं उघडं, परत पनीर. असं करत करत पूर्ण उघड्या दारात आला आणि गणपतीपर्यंत ढोल म्हणजे पनीर येणार असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. याला कोणी कमांड म्हणणार नाही पण माझ्या मते बाकी सगळं शिकवणं याच्यावर उभं राहिलं, घाबरलेलं पिल्लू खातच नाही, आणि खात नाही म्हणजे शिकत नाही.

पनीर का, तर आमच्या घरात चिकन येत नाही. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गळ्यात माळ आहे, तो विषयच नाही. ट्रेनिंगचे सगळे व्हिडिओ उकडलेल्या चिकनपासून सुरू होतात, तिथे माझी पंचाईत झाली. मग घरचं पनीर, गाजर, उकडलेलं रताळं आणि त्याच्या रोजच्या जेवणातलेच दाणे यावर भागवलं. तुकडा केवढा, तर भिजलेल्या साबुदाण्याएवढा. खरंच. कुत्र्याला तुकड्याची साइज फारशी कळत नाही, किती वेळा मिळालं ते कळतं. डॉक्टरांचा हिशोब असा की दिवसभरात जे खातो त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वरचं खाणं नको, आणि तीन किलोच्या जिवाच्या जेवणाचे दहा टक्के म्हणजे किती कमी हे बाबांना पटवायला मला वेळ लागला, ते प्रेमाने तूप लावलेल्या पोळीचा चतकोर द्यायचे. त्यात डॅशहुंडचं वजन वाढलं की त्या लांब पाठीवर लोड येतो, मणक्याची चकती सरकण्याचा त्रास या जातीत नेहमीचा आहे. म्हणून मी सकाळी जेवणाचे दाणे मोजून एका डबीत काढायचे आणि ट्रेनिंगचे दाणे त्यातूनच जायचे. आणि हो, शिकवायचं म्हणून पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही, छोट्या जातीच्या पिल्लांची साखर पटकन खाली येते, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतंच. जेवणाच्या जरा आधी शिकवायचं, एवढंच.

आता "बस". सगळे म्हणतात सर्वात सोपी कमांड. खाऊ नाकासमोर धरायचा, डोक्यावरून मागे न्यायचा, नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. मोठ्या कुत्र्याला उभ्याने शिकवता येतं. शेंग्याच्या नाकापर्यंत पोचायला मी कमरेत एवढी वाकायचे की तो खाऊ सोडून माझ्या लोंबणाऱ्या ओढणीकडे बघायचा. मग सतरंजी टाकून जमिनीवरच बसले, आणि फरक लगेच दिसला. वरून कोणी अंगावर वाकलं की छोट्या पिल्लाला ते दडपणच वाटतं, समोर बसलं की ते मोकळं होतं. दुसरं म्हणजे हात किती उंच. जरा वर गेला की तो मागच्या दोन पायांवर उभा राहायचा, आणि हे लोकांना जाम आवडतं, टाळ्या वाजवतात, पण डॅशहुंडच्या पाठीला ते अजिबात चांगलं नाही. हात नाकाच्या वर जेमतेम बोटभर, तिथून हळूच शेपटीच्या दिशेने. बूड टेकलं त्या क्षणाला "येस" आणि खाऊ.

इथे अजून एक गंमत, या कुत्र्याचे पाय एवढे आखूड की बसलाय का उभा आहे हे वरून कळतच नाही. नवरा सोफ्यावरून विचारायचा "बसला का गं?" आणि मी गाल जमिनीला लावून बघून सांगायचे. नंतर कळलं की शेपटी बघायची, बसला की शेपटी फरशीवर आडवी पडते आणि इकडून तिकडे झाडू मारते.

पावसाळ्यात बाहेर न्यायला लागल्यावर "बस" एकदम बंद पडलं. घरात शंभर टक्के बसणारा मुलगा पार्किंगमध्ये बधिर झाल्यासारखा उभा. विसरला नव्हता, फरशी ओली होती. त्याचं पोट जमिनीपासून किती वर असतं सांगा, ओल्या गार काँक्रीटवर सगळं टेकवायचं म्हणजे शिक्षाच की. मी तिथे जबरदस्ती केली नाही, बूड दाबून बसवणं तर अजिबात नाही. बाहेर ओलं असेल तेव्हा बसायच्या ऐवजी उभ्या उभ्या "थांब" चालेल असं ठरवून टाकलं. शेवटी मला त्याने एका जागी राहायला हवं होतं, बूड टेकलंय का नाही याचं मला काय करायचंय.

घरातल्यांबद्दल. शिकवणारे आम्ही पाच जण, मी, नवरा, आई, बाबा आणि नऊ वर्षांची लेक. लेक त्याला सिट म्हणायची, मी बस, आई "बस रे बाळा खाली शहाण्यासारखा" असं अख्खं वाक्य. शेवटी शब्दांची भांडणं मिटवली हाताने. तळहात वर करत उचलला की बस, तळहात खाली नेला की झोप, पंजा समोर धरला की थांब. कुत्रं आवाजापेक्षा हात पटकन वाचतं, हे तुम्ही पण करून बघा, शब्द न बोलता फक्त हात करा आणि मग हात न हलवता फक्त शब्द बोला, कशावर आधी बसतं ते दिसेल. फ्रिजवर कागद लावला, लेकीने हातांची चित्रं काढली. आई अजूनही अख्खं वाक्यच बोलतात पण हात बरोबर करतात, त्यामुळे चालतं.

बाबांचा प्रॉब्लेम टायमिंगचा. शेंग्या बसला की बाबा खूश, मग "शाब्बास रे पठ्ठ्या", मग चष्मा वर, मग सदऱ्याचा खिसा, खिशात आधी रुमाल, मग बसपास, मग गाजराचा तुकडा. तोपर्यंत शेंग्या उठून, एक चक्कर मारून, त्यांच्या मांडीवर पंजे ठेवून उभा. आणि खाऊ मिळाला तो मांडीवर पंजे ठेवल्याबद्दल. कुत्र्याच्या डोक्यात काम आणि बक्षीस जोडायला फार तर एक-दोन सेकंद असतात, म्हणूनच तो "येस" मध्ये लागतो, खाऊ पोचायला उशीर झाला तरी नेमकं कशाबद्दल मिळतोय हे त्या शब्दाने कळतं. क्लिकर पण मिळतो टक्-टक् वाजणारा, मी आणला होता, पण एका हातात क्लिकर, एका हातात खाऊ, आणि हाताच्या खुणा करायला तिसरा हात नाही. ठेवून दिला. बाबांसाठी सोल्यूशन सोपं निघालं, आधी गाजर मुठीत, मग कमांड.

मध्ये एक ट्रेनर घरी बोलावला होता, नवऱ्याच्या ओळखीतून. माणूस बोलायला चांगला, पण बॅगेतून त्याने साखळी काढली, ओढली की आवळते ती, आणि म्हणाला "मॅडम, कुत्र्याला घरात बॉस कोण ते कळलं पाहिजे, नाहीतर तो अल्फा होतो." अल्फा म्हणजे कळपाचा म्होरक्या. तीन किलोचा अल्फा! मी चहा पाजला आणि पुढच्या वेळी फोन करते म्हणाले. रात्री बसून वाचलं. हे अल्फा प्रकरण मुळात आलं कुठून तर १९४७ च्या सुमारास रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर जे लिहिलं त्यातून, म्हणजे कोंडून ठेवलेल्या लांडग्यांची भांडणं बघून. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकांच्या १९७० च्या पुस्तकातून ते सगळीकडे पसरलं, आणि त्याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये लिहिलं की अहो जंगलातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे अल्फा वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. ज्याने पसरवली त्यानेच मागे घेतलेली गोष्ट आपल्याकडे अजून हजार रुपये तासाने विकली जाते. आणि छोट्या जातींच्या गळ्याला कसलाच झटका नको, श्वासनलिका नाजूक असते, पॉमेरियन, यॉर्की, चिवावा यांच्यात तर ती दबायचा आजारच असतो. आम्ही पहिल्यापासून छातीचा हार्नेस वापरला, गळ्यात फक्त नावाचा बिल्ला.

"झोप", म्हणजे आडवं पडणं, शिकवताना माझा घाम निघाला. पुस्तकी पद्धत अशी की बसलेल्या कुत्र्याच्या नाकापासून खाऊ सरळ खाली जमिनीवर न्यायचा आणि मग पुढे ओढायचा. शेंग्याचं नाक आधीच जमिनीजवळ! तो नुसती मान वाकवायचा, खाऊ चाटायचा आणि मागून बूड वर. मग कोणीतरी सांगितलं की कमी उंचीच्या कशाच्या तरी खालून सरपटत यायला लाव, पोट आपोआप टेकेल. आमच्याकडे जुना चौरंग होता, देवाचा नव्हे, आईंनी तीनदा खात्री करून घेतली, तो मांडला. शेंग्या चौरंगाखालून ताठ मानेने चालत गेला आणि पलीकडून वळून माझ्याकडे बघत उभा राहिला. शेवटी माझा गुडघाच कामाला आला. जमिनीवर बसून एक पाय दुमडायचा, गुडघ्याखाली बोगदा तयार होतो, या बाजूला शेंग्या, त्या बाजूने खाऊ दाखवायचा, आणि तो आत शिरला की गुडघा हळूहळू खाली घ्यायचा, अंगाला दाब नाही द्यायचा, फक्त छत खाली आणायचं. कोपरं टेकली, येस. पोट टेकलं, येस आणि दोन दाणे. बिळात शिरायची हौस मुळातच असल्यामुळे त्याला हे फारच आवडलं, मग बोगद्याशिवाय नुसत्या हाताच्या खुणेवर पडायला लागला. आता तर मी योगा करायला पाय दुमडला तरी येऊन खाली घुसतो.

"थांब" मात्र मी हट्टाने शिकवलं, लिफ्टमुळे. ऑटोमॅटिक दाराचा सेन्सर माणूस मध्ये आला तर दार उघडतो, पण जमिनीलगतचं एवढंसं कुत्रं किंवा बारीक पट्टा त्याला दिसेलच असं नाही. कुत्रं आत, माणूस बाहेर, पट्टा दारात आणि लिफ्ट चालू, हा विचार पण नको. म्हणून लिफ्ट आली की थांब, मी आधी दारात पाय ठेवणार, मग "चल". सुरुवात अर्थात लिफ्टपाशी नाही केली. आधी जेवणाच्या वाटीपाशी, वाटी खाली ठेवताना उठला की वाटी परत वर, बसला की खाली. एक सेकंद थांबला तरी बास. मग बेडरूमच्या दारात, मग फ्लॅटच्या दारात, मग लिफ्टपाशी कोणी नसताना, मग शेजारच्यांची पोरं असताना. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड, या तिन्हीतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, दोन वाढवल्या की गणित फिसकटतं. लिफ्टवरून कमिटीतल्या एकांनी कुत्र्याला जिन्याने न्या असं सुनावून झालं होतं, त्यांना मी शांतपणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना पाठवल्या, त्यात लिफ्ट नाकारता येत नाही असं स्पष्ट आहे, आणि या जातीला जिने चढ-उतार करणं पाठीसाठी वाईट हे पण सांगितलं. पण खरं सांगू का, त्यांचं तोंड कागदाने नाही बंद झालं, दार उघडल्यावर शेंग्या त्यांच्या पायाशी न जाता माझ्याकडे बघत उभा राहिला तेव्हा झालं.

"सोड" दोन प्रकारचं असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक म्हणजे तोंड लावायचंच नाही, दुसरं तोंडात घेतलेलं टाकायचं. पहिल्याला आम्ही "नको" ठेवलं. ते असं शिकवलं की मूठ बंद करून आत साधा दाणा ठेवायचा आणि मूठ त्याच्यासमोर जमिनीवर. आधी चाटेल, मग पंजाने उकरेल, मग बारीक दातांनी कुरतडेल, सुईसारखे लागतात, पण मूठ उघडायची नाही, बोलायचं पण नाही. कंटाळून एक क्षण जरी तोंड मागे घेतलं की येस, आणि दुसऱ्या हातातून पनीर. मुठीतला दाणा कधीच द्यायचा नाही, ते महत्त्वाचं. नंतर मूठ उघडी, मग दाणा फरशीवर. दुसऱ्या प्रकाराला सरळ अदलाबदल, तोंडातलं टाक आणि हे घे. मागे पळत गेलं, जबडा उचकटला, की पिल्लू काय शिकतं, तर मिळालेलं पटकन गिळायचं. आमच्याकडे याची गरज सणावाराला पडते, शिऱ्यातला मनुका खाली पडतो, आणि मनुका-द्राक्षांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, कांदा-लसूण आणि चॉकलेट पण वाईटच. आई आधी म्हणायच्या "देवाच्या प्रसादाने काही होत नाही". मी वाद घातला नाही, डॉक्टरांनाच फोन लावून स्पीकरवर टाकला. आता आई शिऱ्यात मनुके घालतच नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मुठीचा प्रयोग पण त्याच करून दाखवतात, माझ्यापेक्षा भारी करतात, कारण त्यांच्यात पेशन्स आहे.

उचलणं हा आमच्याकडचा सगळ्यात अवघड धडा, आणि तो कुत्र्यासाठी नव्हताच. भुंकला की उचल, भटकी कुत्री दिसली की उचल, जेवत नाही म्हणून उचल, पाहुण्यांना दाखवायला उचल. त्यामुळे तो सारखा पायावर चढून उचला-उचला करायचा. नियम केला, चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड. आणि उचलायच्या आधी "वर" म्हणायचं, हात दाखवायचे, तो थांबला तर एक हात छातीखाली, एक बुडाखाली, पाठ आडवी सरळ. बगलेत धरून लोंबता उचलायचं नाही, लहान बाळाला धरतात तसं तर नाहीच. आधी सांगून उचलायला लागल्यापासून त्याचं दचकून चावणं पण गेलं. सोफ्याला फोमचा उतार करून घेतला आणि उडी मारायच्या ऐवजी उतारावरून ये हेही खाऊ टाकत टाकतच शिकवलं.

"ये" बद्दल माझं मत एकदम कडक आहे. हाक मारून कधीच रागवायचं नाही, आंघोळीला किंवा नखं कापायला कधीच हाक मारून बोलवायचं नाही, आपण जाऊन आणायचं. हाक म्हणजे चांगलंच काहीतरी, कायम. पॅसेजच्या एका टोकाला लेक, दुसऱ्या टोकाला मी, आळीपाळीने "शेंग्या ये!", तो कान उडवत आखूड पायांवर धावत सुटायचा, दोन्हीकडे खाऊ. घरात पक्कं, सोसायटीच्या बागेत बऱ्यापैकी. मग सातव्या महिन्याच्या आसपास साहेब वयात आले आणि हाक मारली की मान वळवून बघायचे, ऐकलंय एवढं कळवायचे, आणि परत जमीन हुंगायला सुरुवात. हे सगळ्या पिल्लांचं होतं, तोपर्यंत दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के आलेले असतात आणि अक्कल मात्र दुधाचीच. आम्ही परत मागे गेलो, लांब दोरी हार्नेसला लावून, कमी अंतर, जास्त चांगला खाऊ. नदीपात्राच्या बाजूला आजही मी त्याला मोकळा सोडत नाही. नाकाला मुंगूस किंवा घुशीचा वास आला की समोर पनीरचा डोंगर ठेवा, काही फरक पडणार नाही, ते रक्तातच आहे.

पट्ट्यावर चालणं त्या मानाने लवकर जमलं. ओढला की मी झाड, सैल सोडला की चालू. एवढंच केलं, वेगळं काही नाही.

भुंकणं अजून चालू आहे. डॅशहुंडचा आवाज ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं आत अल्सेशियन आहे. दाराची बेल वाजली की घर डोक्यावर, आणि आमच्याकडे दिवसभरात दूध, कुरिअर, किराणा, बाबांचे मित्र असं चालूच असतं. बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात लावायचा आणि लगेच दारापासून लांब टाकलेल्या त्याच्या चटईवर खाऊ टाकायचा, मग आवाज थोडा वाढवायचा, असं चाललंय. मोबाईलच्या बेलला तो आता पळत चटईवर जातो. खऱ्या बेलला आधी दोनदा भुंकतो आणि मग जातो. नवऱ्याने मध्येच बेलची जुनी ट्यून बदलून टाकली, ती भुंकायची सवय जुन्या ट्यूनला चिकटली होती म्हणून, आणि याचा खरंच उपयोग होतोय. फक्त नवीन ट्यून बाबांना ऐकू येत नाही, त्यामुळे दुपारी कुरिअरवाला आला तर शेंग्या चटईवर जाऊन बसतो, बाबा पेपर वाचत बसतात, आणि पार्सल शेजारच्या काकूंकडे जातं.